संस्था गेली, बेशरमाची झुडपं परत आली. तलावाच्या नोंदी आणि देखभाल पुढे कशी चालवता?

बोडीवाली | १८ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार जी. लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

मी गोंदिया जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. ढिवराची म्हणजे मासेमाराची लेक, ढिवराचीच सून. आमच्या गावाला एक मालगुजारी तलाव आहे, म्हणजे मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातला, भरला की अंदाजे अकरा हेक्टर. २०१८ पर्यंत त्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग बेशरमाने गिळला होता. जाळं टाकायला जागा नाही, टाकलंच तर बुडख्यात अडकून फाटायचं. एका संस्थेच्या मदतीने आमच्या गटाच्या चौदा बायांनी २०१९ ते २०२१ असे तीन उन्हाळे त्यात घातले. पहिल्या वर्षी सतरा ट्रॅक्टर बेशरम मुळासकट उपटून बाहेर काढली. मग कोरड्या तळाला नांगर फिरवला आणि पाऊस पडल्यावर शेजारच्या बोडीतून (लहान तळ्यातून) हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, देवधान (रानटी धान) अशा पाणवनस्पती आणून लावल्या. धानाची रोवणी करतो तशीच, वाकून, ओळीने. गावातले पुरुष तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून हसत. म्हणे, पाण्यात कचरा रोवणाऱ्या बाया जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.

तिसऱ्या वर्षी मरळ दिसली तेव्हा हसणं थांबलं. कमळपक्ष्याने देवधानाजवळ अंडी घातली. माझ्या सासऱ्यांनी किती वर्षांनी शिंगी पकडून आणली, तर सासूबाईंनी शेजारच्या चार घरी वाटी वाटी रस्सा पाठवला.

मार्च २०२२ ला प्रकल्प संपला. समारोपाचा कार्यक्रम झाला, समोसे झाले, शाली झाल्या. जाताना संस्थेने एक टॅब दिला आणि नोंदींचे फॉर्म दिले. सत्तावीस रकाने होते त्यात. पाण्याचा सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, अक्षांश, रेखांश. एक वर्ष मी भरले, खोटं कशाला बोलू, त्यातले नऊ रकाने दर वेळी मागच्या महिन्याचे पाहूनच भरले. कारण ते मोजायचं किट संपलं होतं आणि रिकामा रकाना टॅब घेतच नव्हता. मग टॅबची बॅटरी पुरीसारखी फुगली. कागदी फॉर्म पेटीत होते, त्यांना उधई लागली.

२०२४ च्या पावसाळ्यात मच्छीमार सोसायटीने स्वस्तात मिळालं म्हणून जे मासळीचं बीज टाकलं, त्यात गवत्या म्हणजे पाणगवत खाणारा ग्रासकार्प आणि तळ उकरणारा सायप्रिनस (कॉमन कार्प) निघाले. सोसायटीत आमचेच नवरे आहेत, माझाही आहे, म्हणून दोष कोणाला देऊ? आज आम्ही लावलेल्या तीन पट्ट्यांपैकी मधला साफ झालाय. पाणी चहासारखं. आणि उत्तरेच्या कोपऱ्यातून बेशरम परत निघाली आहे. मागच्या आठवड्यात मोजत गेले, दोनशे बारापर्यंत मोजली आणि मग रागाने घरी आले.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. डिसेंबरात ग्रामसभेत एकाने विचारलं, "आधी किती होतं, आता किती कमी झालं, ते सांग." मला सांगता नाही आलं. पहिल्या वर्षाचे फोटो संस्थेच्या ज्या पोराच्या फोनमध्ये होते तो आता पुण्यात नोकरीला आहे. मासळीचा हिशोब सोसायटीकडे आहे, पण त्यात सगळी बारकी मासळी "इतर" म्हणून एकाच ओळीत. तीन वर्षं कंबर मोडून काम केलं आणि दाखवायला माझ्याकडे एक शाल आहे.

तर विचारायचं हे. ज्यांच्या गावात असं काही काम झालं, तलाव असो, गवताळ असो, जंगल असो, तिथे पैसे संपल्यावर पाच-सात वर्षं नजर कशी ठेवली? नक्की काय मोजता? कोण मोजतं, आणि फुकट का मोजतं? बेशरम दरवर्षी काढायला पैसे कुठून आणता? कृपा करून मला अॅप सुचवू नका.

---

गुरुजी_पक्षीवाले | १९ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, सत्तावीस रकान्यांचा फॉर्म माझ्याही कपाटात आहे. तो तुमच्यासाठी केलेलाच नसतो, ज्याला अहवाल पाठवायचा असतो त्याच्यासाठी केलेला असतो. सोडा तो.

मी दरवर्षी जूनमध्ये सारस गणनेला जातो, त्या अनुभवावरून सांगतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ नोंद म्हणजे एकाच जागेवरून, एकाच दिशेने काढलेला फोटो. पाळीवर चार जागा ठरवा, तिथे दगड पुरून ऑइलपेंटने १, २, ३, ४ लिहा. दगडावर उभं राहून छातीच्या उंचीवर फोन धरायचा आणि चौकटीत एक न हलणारी वस्तू यायलाच हवी: देवळाचा कळस, टेकडी, टॉवर, काहीही. पुढच्या वेळी मागच्या फोटोची छापील प्रत हातात घेऊन उभं राहायचं म्हणजे चौकट जुळते. फोटो फोनमध्ये ठेवू नका. छापून वहीत चिकटवा. चार प्रती काढायला पंधरा-वीस रुपये लागतील, पण नोकरी बदलून पुण्याला जाणार नाहीत.

तारखा कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून सणाला बांधा. पोळा, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा), संक्रांत, अक्षय तृतीया. पोळ्याला तलाव भरलेला, अक्षय तृतीयेला तळ उघडा. गावाला आठवण करून द्यावी लागत नाही.

आणखी एक. शेजारचा एखादा तलाव, जिथे काहीच काम झालं नाही, त्याचेही दोन फोटो त्याच दिवशी काढा. नाहीतर पाऊस कमी पडला तरी लोक म्हणतील बायांचं काम वाया गेलं, आणि पाऊस चांगला झाला तर म्हणतील ते तर आपोआपच झालं.

---

निवृत्त_शाखा_अभियंता | १९ जानेवारी, दुपारी १२.०५

गुरुजींचं सणांचं सूत्र ऐकायला छान, पण त्यात एक खोच आहे. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, कारण अधिक श्रावण. २०२५ मध्ये तोच २२ ऑगस्टला. तेवीस दिवसांचा फरक. आपल्याकडे तेवढ्या दिवसांत तलाव अर्ध्याचा तुडुंब होतो. २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पोळा पुन्हा सप्टेंबरात जाईल. दोन फोटो शेजारी ठेवून तुम्ही म्हणाल वनस्पती बुडाली, संपली. प्रत्यक्षात फक्त पाणी वर आलेलं असेल.

उपाय सोपा आहे. फोटोखाली इंग्रजी तारीख आणि पाण्याची पातळी लिहायची. पातळीसाठी सांडव्याचा माथा शून्य धरा. तिथून खाली पाणी किती सेंटिमीटर आहे ते कळायला पाणी सोडायच्या दाराच्या खांबावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा. एका दुपारचं काम. गवंडी आणि पाणपातळीची नळी पुरे.

आता न विचारलेलं सांगतो. तुम्ही सगळे पाण्यातलं बघताय, पाळ कोण बघतंय? बेशरम पाळीच्या आतल्या उतारावर असेल तर ती सरसकट उपटू नका. लाटांनी माती खचू नये म्हणून लोकांनीच ती कधीकाळी लावलेली असते. उपटली आणि जागा उघडी ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात घळी पडतात, मी पाहिलंय. आधी वाळा (खसाचं गवत) लावा, त्याने मूळ धरलं की मग त्या टप्प्यातली काढा. पाळीवर मोठं झाड वाळून मेलं तर त्याची मुळं कुजून आत पोकळी होते आणि तिथून पाणी झिरपतं. दर पावसाळ्याआधी पाळ चालत जाऊन बाहेरच्या बाजूला ओल, खेकड्यांची बिळं, वाळलेली झाडं बघायची. ही नोंद पक्ष्यांच्या नोंदीच्या आधी.

आणि गाळ. २०१७ पासून गाळ काढायच्या योजनेत यंत्रं गावोगाव येतात. गाळ काढायला माझा विरोध नाही, आयुष्यभर तेच केलं. पण यंत्रवाला भाव घनमीटरवर घेतो, म्हणून तो एकाच जागी खोल खड्डा करतो. तुमचं देवधान उथळ पाण्यात येतं. उथळ काठ खरवडला की खाली बी राहत नाही, मुळं राहत नाहीत, आणि सारसालाही उभं राहायला जागा उरत नाही. यंत्र यायच्या आधी तुमच्या पट्ट्यांभोवती खुंट्या मारा आणि ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घ्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे आले. कोहळी समाजाच्या मालगुजारांच्या काळात ज्याच्या बांधीला (धानाच्या शेताला) पाणी जायचं तो पाळीवर माती टाकायला यायचा. आता प्रत्येक जण दुसऱ्या खात्याचं काम समजतो. मीही त्याच खात्यात होतो, तेव्हा जास्त बोलत नाही.

---

हिरवळ_नागपूर | १९ जानेवारी, दुपारी ३.३०

एवढं कशाला? उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. दर पाच दिवसांनी तलावाचा हिरवेपणा मोजता येतो, मागच्या दहा वर्षांचाही. घरबसल्या आलेख निघेल.

---

बोडीवाली | १९ जानेवारी, रात्री ८.५०

दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण बेशरमही हिरवीच असते. वर्षभर, जांभळ्या फुलांसकट. २०१८ चा तलाव आभाळातून पाहिला असता तर गोंदिया जिल्ह्यात पहिला आला असता. पण "मागच्या दहा वर्षांचं" म्हणालात ते कामाचं आहे. उघडं पाणी किती आणि हिरवं किती एवढं तरी जुनं कळेल ना? मला २०१८ आणि २०२१ ची मे महिन्यातली चित्रं काढून द्याल का? ग्रामसभेत त्या माणसाच्या तोंडावर ठेवायची आहेत.

अभियंता साहेब, पाळीचं वाचून छातीत धस्स झालं. २०२० मध्ये आम्ही आतल्या उतारावरची पण काढली होती, आणि दक्षिणेकडे दोन ठिकाणी माती ढासळलीय. आम्हाला वाटलं म्हशी चढतात म्हणून. वाळा कुठून आणायचा ते बघते.

---

डोंगा | २० जानेवारी, सायंकाळी ६.२०

माझे आजोबा ऐंशीच्या वर आहेत, आयुष्य भंडाऱ्याकडच्या तलावात गेलं. तुमचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते बोलले तसं लिहितो, बोली त्यांचीच.

"बाई, तू सालभर काऊन पाहत बसतं? सालात येकच दिवस पाहाचा असते. बीज टाकाचा दिवस. त्या दिवसी पाळीवर दोन बाया उभ्या राह्यल्या अस्त्या त हे झालंच नसतं. पिशवीतलं पोर एवढंसं रायते, त्यात रोहू कोनता अन् गवत्या कोनता, मलेबी नाही ओळखत. म्हनून बिलावर जात लिवून घ्याची. बिल नाही त पिशवी सोडाची नाही.

आता जे टाकलं ते टाकलं. गवत्याचं भेव नको धरू. तो साचल्या पान्यात अंडे देत नाही, त्याले वाहती मोठी नदी लागते. मोठ्या फासाच्या जाळ्यानं धर, बाजारात विक, दोन-तीन सालात सरते. वजनालेबी चांगला आहे. सायप्रिनसचं वाईट. तो इथंच अंडे देते, पानगवताले चिकटवते, तळ उकरते. तुहं पानी चहावानी झालं ते त्याच्याच पायी. तो पुरा कधी सरत नाही, कमी करत राहा लागते. गरमीत पानी उतरलं का वढून काढ. अन् मरळ वाढू दे, ते त्याचे पोरं खाते."

हे सांगून ते झोपले. मी एक भर घालतो. आमच्या गावात मासळी विकते ती आजी प्रत्येक जातीची वेगळी टोपली लावते, कारण भाव वेगळा आहे. नोंद ठेवायची तर ती तिथे ठेवा, काट्याजवळ. तलावावर जाऊन कोणी लिहीत नाही, पैसे मोजताना मात्र सगळे लिहितात.

---

कठाणीकाठ | २१ जानेवारी, रात्री १०.१०

जोहार. मी गडचिरोलीचा. आमचा विषय तलाव नाही, सामूहिक वनहक्काचं जंगल आहे, पण दुखणं तेच. आमच्याकडच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरचा हक्क मिळाला, त्यानंतर आमच्यासारख्या बऱ्याच गावांना मिळाला. कागद मिळाला त्या दिवशी ढोल वाजला, पण खरी कटकट दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

आम्ही घाणेरीची झुडपं काढली. पहिल्या वर्षी वरून कापली, रोजगार हमीतून, मजुरी छान मिळाली. पावसाळ्यानंतर एका बुडख्याला पाच-पाच फांद्या. मग शिकलो की जमिनीखाली जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्याच्या खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मातीला टेकून परत रुजत नाही. आणि त्यानंतर दोन-तीन पावसाळे बियांतून येणारी रोपं हाताने उपटायची. हा दुसरा भाग कोणत्याच योजनेत बसत नाही. काम दिसत नाही ना. चाळीस एकर साफ केल्याचा फलक लागतो, चाळीस एकरात विखुरलेली तीनशे रोपं उपटल्याचा कोण लावेल?

आम्ही ओडिशातल्या ठेंगापल्लीबद्दल ऐकलं होतं, तसं केलं. एक काठी आहे. ज्याच्या दारात काठी, त्या घरातल्या दोघांनी त्या दिवशी जंगलात चक्कर मारायची आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दारात ठेवायची. चक्कर मारताना दिसेल ते घाणेरीचं रोप उपटायचं आणि किती उपटली तो आकडा वहीत. बस, एकच आकडा. वाट ठरलेली आहे, म्हणून आकड्याची मागच्या वर्षीशी तुलना होते. कोणी गेलं नाही तर काठी त्याच्याच दारात पडून राहते आणि सगळं गाव बघतं. दंड ठेवला होता पन्नास रुपये, तो आजवर एकदाच घ्यावा लागला.

वही महिन्याच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचतो. सुरुवातीला सगळे जांभया देत. एकदा एकाने चक्कर न मारताच आकडा लिहिला होता, आणि त्याच दिवशी त्याला बाजारात पाहिलेल्या तिघींनी भर सभेत सांगितलं. तेव्हापासून वाचन सुरू झालं की लोक बोलणं थांबवतात.

ताई, तुमच्या गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला ती करावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेलेली असते. तुमची वही त्याच नोंदवहीचा भाग करा. म्हणजे उद्या तलावाचा ठेका बदलला, यंत्र आलं, की ती तुमच्या गटाची वही राहत नाही, पंचायतीचा कागद होतो.

---

बोडीवाली | २५ जानेवारी, रात्री १०.३०

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण भांडत होते. आधी घरात, मग सोसायटीत.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. "येकच दिवस" हे वाचून मी नवऱ्यासमोर फोन धरला. तो म्हणाला, हे तर आम्हालाही माहीत आहे. मग म्हटलं माहीत होतं तर? तो जेवायला बसला.

शुक्रवारी सोसायटीच्या सभेला आम्ही चौदातल्या अकरा जणी जाऊन बसलो. आम्ही सभासद नाही, पण उठवायला कोणी धजावलं नाही. तीन गोष्टी ठरल्या, एक राहिली.

बीज टाकायच्या दिवशी गटाच्या दोन बाया पाळीवर असतील आणि बिलावर जात लिहिलेली नसेल तर पिशवी सोडायची नाही. सोसायटीच्या रजिस्टरात लिहून अध्यक्षांची सही घेतली. गवत्या या उन्हाळ्यापासून मोठ्या फासाच्या जाळ्याने काढायचा, आणि तो अर्धा किलोचा असो की चार किलोचा, परत पाण्यात सोडायचा नाही.

दुसरं, मासळीच्या हिशोबाच्या वहीत "इतर" ही ओळ बंद. मरळ, शिंगी, टेंगरा, झिंगे आणि बाकी बारकी, असे पाच रकाने. काट्यावर माझी जाऊ बसते, तिला लिहिता येतं आणि ती कोणाला सोडत नाही.

तिसरं, दर किलोमागे दोन रुपये तलावासाठी बाजूला. मागच्या वर्षी विक्री चौदाशे किलोच्या आसपास होती, म्हणजे २,८०० रुपये. आमच्याकडच्या तीनशे रुपये रोजाने ती नऊ बायांची एका दिवसाची मजुरी होते. हसू नका. मी हिशोब केला आहे. दोनशे बारा (आणि रागाने न मोजलेली शंभर धरा) झाडं अजून कोवळी आहेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरून तळ ओला असताना मूळ सहज निघतं. नऊ जणी एका दिवसात काढतील. हेच दोन वर्षं सोडलं तर पुन्हा सतरा ट्रॅक्टर. तोडलेला प्रत्येक तुकडा पाळीच्या बाहेर नेऊन वाळवून जाळायचा, कारण ओल्या मातीत कांडी पडली की तिला मुळं फुटतात. पहिल्या वर्षी आम्ही दोन ढीग तलावातच सोडले होते. उत्तरेचा कोपरा म्हणजे तीच जागा, हे मला हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.

राहिलेली गोष्ट म्हणजे काठी. कठाणीकाठ दादा, आमच्याकडे काठी चालणार नाही. तलावाशी संबंध फक्त ढिवरांचा, बाकीच्या गावाला पाणी बांधीत आलं की झालं. काठी कुणब्याच्या, कोहळ्याच्या दारात ठेवली तर कुत्रं हाकलायला वापरतील. पण अभियंता साहेबांचं पाळीचं सांगितलं तेव्हा मात्र धानवाले कान टवकारून ऐकत होते. पाळ फुटली तर मासळी आमची जाईल, धान त्यांचं जाईल. म्हणून मी असं सुचवलं: मेच्या शेवटी पाळीची एक चक्कर, त्यात ढिवरही आणि धानवालेही. ओल, बिळं, वाळलेली झाडं त्यांनी बघायची, बेशरम आम्ही. नकार नाही आला. होकारही नाही आला. "पाहू" आलं.

गुरुजी, चार दगड काल पुरले. रंग घरातल्या दाराचा उरलेला, निळा. तिसऱ्या दगडावरून देवळाचा कळस दिसत नाही, मध्ये आंबा येतो, म्हणून तो उचलून दहा पावलं डावीकडे नेला. पहिले फोटो आज सकाळी काढले. संक्रांत होऊन अकरा दिवस झालेत, पण तारीख आणि पातळी खाली लिहिली आहे: सांडव्याच्या माथ्यापासून ११५ सेंटिमीटर खाली. पाण्याचा गढूळपणाही मोजला, माझ्या पद्धतीने. स्टीलच्या ताटलीला दोरी बांधून डोंग्यातून सोडली, दिसेनाशी झाली तिथे दोरीला गाठ. मधल्या पट्ट्याजवळ एक वीत आणि चार बोटं. दक्षिणेच्या पट्ट्याजवळ, जिथे हायड्रिला अजून आहे, तिथे दोन हात. एवढा फरक असेल असं मलाही वाटलं नव्हतं. नवऱ्याला डोंगा वल्हवायला नेलं होतं. त्याने ताटली दोनदा परत सोडायला लावली.

---

गुरुजी_पक्षीवाले | २६ जानेवारी, सकाळी ६.५०

ताटली नेहमी तीच वापरा, आणि दुपारी बारा-एकच्या सुमारास, ऊन डोक्यावर असताना. सकाळी तिरप्या उन्हात लवकर दिसेनाशी होते. वीत आणि बोटं वहीत लिहा, पण शेजारी टेपने मोजून सेंटिमीटरही लिहा. तुमची वीत आणि तुमच्या सुनेची वीत वेगळी असणार.

---

हिरवळ_नागपूर | २६ जानेवारी, सकाळी ११.४०

चित्रं काढली आहेत, मे २०१८, मे २०२१ आणि मे २०२५. तलावाची हद्द मी अंदाजे आखली आहे, तुम्ही एकदा तपासा. २०२१ च्या चित्रात पश्चिमेला मोकळं पाणी स्पष्ट दिसतं. २०२५ मध्ये उत्तरेच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं परत दिसतंय, पण ते बेशरम की देवधान ते मला वरून सांगता येणार नाही. तेवढं तुम्ही सांगा.

---

बोडीवाली | २६ जानेवारी, रात्री ९.१५

मेमध्ये देवधान वाळून गेलेलं असतं दादा. हिरवं आहे म्हणजे बेशरमच. हद्द बरोबर आहे, फक्त दक्षिणेकडे तुम्ही एका माणसाची बांधी तलावात घेतलीय. त्याला कळलं तर तो खूश होईल, पाणीपट्टी मागणार नाही कोणी. तेवढी काढून परत पाठवा, तिन्ही चित्रं रंगीत छापून पाहिजेत. पुढची ग्रामसभा फेब्रुवारीत आहे.